गाडीच्या काचेवरचे जड पाण्याचे पांढरे डाग: का पडतात आणि कसे काढायचे?

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. रात्री आठच्या सुमारास मी कोहमाऱ्याहून गोरेगावमार्गे गोंदियाला येत होतो. समोरून ट्रक आला, त्याचा हेडलाइट माझ्या काचेवर पडला आणि अख्खी काच पांढरी झाली. दोन सेकंद पुढचं काहीच दिसेना. ट्रक गेला तेव्हा समोर धानाची पोती भरलेली ट्रॉली होती, मागे ना लाल दिवा ना रेडियम. ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचलो.

घरी येऊन काच पाहिली. धूळ नव्हती. गोल गोल, पांढरट डाग होते. ओल्या कपड्यानं पुसले की गायब, काच वाळली की पुन्हा हजर. हे डाग फक्त दिसायला वाईट नसतात. समोरचा प्रकाश त्यांच्यावर पडून चहूकडे विखुरतो आणि रात्री रस्ता दिसत नाही.

हे डाग म्हणजे नेमकं काय?

कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेर जो पांढरा थर चढतो, तोच हा प्रकार. जमिनीतून येणारं पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणतं. असं पाणी म्हणजे जड पाणी. त्यात साबणाला फेस कमी येतो. काचेवरचा थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, उरते. एका थेंबातली चुनखडी नगण्य असते, पण दर आठवड्याला गाडी धुतली की थरावर थर चढतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा काचेवर डाग पाडू शकतं.

माझी चूक कुठे झाली?

पाणी वाया जाऊ नये म्हणून मी आरओ मशीनचं सांडपाणी बादलीत भरून गाडी धुवायचो. हेतू चांगला होता, पण आरओ शुद्ध पाणी बाजूला काढतं आणि क्षार उरलेल्या पाण्यात सोडतं. समजा निम्मं पाणी शुद्ध निघालं, तर उरलेल्या निम्म्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. आमचं पाणी मुळात बोअरचं, त्यात हे दुप्पट क्षार आणि गाडी अंगणात उन्हात वाळायची. दुसरं काय होणार?

डाग काढायची पद्धत

चुनखडी साबणानं जात नाही, आम्लानं विरघळते. म्हणून साधं पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे.

१. गाडी सावलीत लावा. काच हाताला थंड लागली पाहिजे.
२. आधी शॅम्पूच्या पाण्यानं धूळ काढा. धुळीवर घासलं तर ओरखडे पडतात.
३. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. लिंबूसत्त्व असेल तर एक पेला पाण्यात एक चहाचा चमचा पुरे.
४. सुती कापड यात भिजवून काचेवर चिकटवा आणि पाच मिनिटं ठेवा. मधे वाळू देऊ नका. रंग, रबर आणि चकचकीत पट्ट्यांवर ओघळ आला तर लगेच पाण्यानं धुवा.
५. मायक्रोफायबर कापडानं हलकं घासा, भरपूर पाणी मारा आणि लगेच कोरडं पुसा.
६. वायपरचं रबरही त्याच कापडानं पुसा. त्यात अडकलेली खर पुन्हा काच खरवडते.

जुना थर असेल तर हेच दोन-तीनदा करा. माझ्या बाजूच्या काचा पहिल्याच वेळी साफ झाल्या. पुढच्या काचेला तीन फेऱ्या लागल्या.

तरीही डाग गेला नाही तर?

काच वाळवून डागावरून नख फिरवा. खरखर लागली तर आम्लाला दाद न देणारा थर आहे, बहुधा सिलिकाचा. नख गुळगुळीत फिरलं आणि तरी डाग दिसत असेल, तर काच वरून झिजली आहे. या दोन्हींसाठी सेरियम ऑक्साइडचं पॉलिश वापरतात. पण समोरच्या काचेवर हे काम घरी करू नका. एकाच जागी जास्त घासलं गेलं की काच तिथे लहरी होते आणि रस्ता वाकडा दिसतो. ते जाणकाराकडूनच करून घ्या.

हे अजिबात करू नका

- टॉयलेट क्लीनर वापरू नका. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, धातूच्या पट्ट्या आणि रंग खराब होतो.
- व्हिनेगर किंवा कोणतंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
- हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेलं कुठलंही रसायन नको. ते काचच खातं आणि कातडीतून आत शिरून जिवावर बेतू शकतं.
- पॉलिश पेपर, तारेची घासणी किंवा कोरडं ब्लेड लावू नका.

डाग पडूच नयेत म्हणून

गाडी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी धुवा आणि लगेच पुसा. थेंब वाळलाच नाही तर डाग पडत नाही. सगळं पाणी चांगलं असण्याची गरज नाही, फक्त शेवटचा हात कमी क्षाराच्या पाण्याचा हवा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी यासाठी उत्तम, कारण ते हवेतली वाफ गार होऊन बनतं आणि त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणीही चालेल. आरओचं सांडपाणी अंगण धुवायला किंवा संडासात वापरा.

आणि एक तपासणी आजच करा. रात्री गाडी उभी ठेवून कुणाला तरी समोरून मोबाइलचा टॉर्च मारायला सांगा आणि सीटवर बसून काचेकडे बघा. काच पांढरी झाली, तर धान घेऊन जाणारी पुढची ट्रॉली तुम्हालाही वेळेवर दिसणार नाही.