हमी कुणाची, हिशेब कुणाचा? नांदेड-लातूरकडून पाहिलेली रोजगार हमी



आज सुरुवात इतिहासाच्या पुस्तकातून नाही, तुमच्या पगाराच्या स्लिपमधून करू. समोर बरेच शिक्षक दिसतायत, बँकेतली मंडळी आहेत. तुमच्या स्लिपवर 'व्यवसाय कर' नावाची एक कपात असते. दरमहा 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2500. हे पैसे कशासाठी कापतात, असं मी मागं एका स्टाफरूममध्ये विचारलं होतं. एकानं सांगितलं, व्यवसाय करतो म्हणून. दुसरा म्हणाला, पेन्शनसाठी असेल. खरं उत्तर कुणालाच सांगता आलं नाही. हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे खेड्यातल्या माणसाला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदारानं द्यायचा वाटा. पन्नास वर्षं आपण तो देतोय, आणि कशासाठी ते विसरून गेलोय.

हल्ली सामाजिक सुरक्षेवर बोलताना दोन शब्द फार वापरतात. एक 'संबंधितांशी संवाद' आणि दुसरा 'खर्चाचा अंदाज'. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2012 साली शिफारस क्रमांक 202 मंजूर केली. प्रत्येक देशानं आपल्या नागरिकांसाठी सुरक्षेचा एक किमान तळ ठरवावा, असं ती सांगते. त्यानंतर सरकार, कामगार, मालक यांना एका टेबलावर बसवून कोणत्या हमीला किती पैसे लागतील याचे आकडे मांडायची पद्धत अनेक देशांत रुजली. चांगलंच आहे. पण हे दोन्ही आपल्याकडं त्याच्या चाळीस वर्षं आधी होऊन गेलंय, आणि टेबलावर कमी, खडीच्या ढिगाऱ्यावर जास्त झालंय.

बहात्तरचा दुष्काळ. इथल्या सत्तरीपुढच्या माणसाला तारीख विचारू नका, तो 'बहात्तरला' एवढंच म्हणतो. सुकडी, मिलो ज्वारी, आणि खडी फोडणं. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबादमध्ये होता. तो 1982 साली वेगळा झाला. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या होती पाच कोटी. म्हणजे लहान-मोठी सगळी धरून दहा माणसांमागं एक जण सरकारी कामावर. माझी आजी सांगायची, गावातली पाटलीण आणि तिची सालगडीण एका मस्टरवर होत्या. पाटलीण पदर पुढं ओढून बसायची, एवढाच फरक.

इंग्रजांच्या काळातल्या फॅमिन कोडपासून दुष्काळी काम ही सरकारची मेहरबानी होती. दुष्काळ जाहीर झाला की कामं निघत, पाऊस पडला की बंद. भूक मात्र जाहीरनामा बघून येत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा भूमिहीनाला मार्च ते जून काम नसतं. हे ज्यांनी ओळखलं त्यांत वि. स. पागे हे नाव पहिलं. पागे विधान परिषदेचे सभापती, 1960 ते 1978. सांगलीकडचे, सर्वोदयी वळणाचे. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात त्यांनी आपल्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलली. 1972 मध्ये योजना जाहीर झाली, लगेच दुष्काळी कामांच्या गर्दीत बुडाली, आणि दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा उभी राहिली. त्याच काळात, 1971 साली, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला होता. गरिबाला किमान मजुरीवर काम द्या आणि त्याचा खर्च सुस्थितीतल्या माणसाकडून घ्या, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

आता खरी अडचण बघा. पेन्शनचा खर्च काढता येतो: म्हातारी माणसं किती, गुणिले रक्कम. पण 'जो मागेल त्याला काम' याचा खर्च कसा काढणार? किती जण मागतील ते पावसावर, पिकावर, आणि मालक किती मजुरी देतो यावर ठरणार. हक्क उघडा आणि तिजोरी बंद.

यावर जे उत्तर काढलं ते मला अजूनही हुशारीचं वाटतं. मागणारे किती याचा अंदाज बांधत न बसता पैशाचा झरा आधी बांधला. व्यवसाय कर, मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी, आणि या करांतून जेवढे येतील तेवढेच सरकारनं आपल्या खिशातून घालायचे. व्यवसाय कर 1 एप्रिल 1975 पासून लागू झाला. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, आपले नांदेडचे. मात्र राज्यघटनेनं या कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती. 1988 च्या घटनादुरुस्तीनं ती 2500 झाली. आपण आजही त्याच आकड्यावर उभे आहोत.

मग मुंबईकरानं पैसे का द्यावेत? आणि बागायतदारानं होकार का द्यावा, मजूर सरकारी कामावर गेला तर त्याच्या शेतात कोण येणार? इथं संवाद आला. अभ्यासकांनी म्हटलंय की खेड्यातले लोंढे मुंबईत यायचे थांबले तर शहराला ते हवंच होतं. बागायतदाराला मिळाले पाझर तलाव, नाला बंडिंग आणि रस्ते. तलाव मजुरानं खोदला, विहिरीला पाणी आलं ते ज्याची विहीर होती त्याच्या. यात खोट काढायची तर काढा, पण या देवाणघेवाणीशिवाय विधिमंडळात एकमत झालं नसतं. 1977 साली कायदा एकमतानं झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणीनंतर 15 दिवसांत काम, शक्यतो 5 किलोमीटरच्या आत, नाही दिलं तर बेकारी भत्ता. बायका आणि पुरुष दोघांना कामाच्या मापाचा एकच दर. कामावर पाळणाघर. घटनेच्या कलम 41 मध्ये कामाचा हक्क नुसता मार्गदर्शक म्हणून बसला होता, त्याला एका राज्यानं कायद्याचं हाड दिलं.

आणि मजूर? त्यांना कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं. त्यांचा संवाद म्हणजे मोर्चे आणि घेराव. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी अशा सगळ्यांनी दुष्काळी कामांवरच्या माणसांना संघटित केलं. मजुरीचा दर, थकलेला पगार, पिण्याचं पाणी हे त्यांचे मुद्दे. त्या मोर्च्यांत अनेकदा बायाच पुढं दिसतात, निर्णयाच्या कागदावर मात्र त्यांची सही कुठंच नाही.

याचा परिणाम पुढं दिसला. झरा बांधला होता, पण पाणी वाढलं तर कोणता दरवाजा लावायचा हे लिहून ठेवलं नव्हतं. 1988 मध्ये किमान वेतन वाढलं तसा हमीचा दर जवळपास दुप्पट झाला. खरं तर कामावर झुंबड उडायला हवी होती. झालं उलटं, हजेरी घटली. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासून सांगितलं की मागेल त्याला काम हे तत्त्व तिथं ढिलं पडलं. हक्क कुणी रद्द केला नाही. नवी कामं कमी निघाली, एवढंच. सुरुवातीचा नियम होता की नवं काम काढायला किमान 50 मजूर हवेत. आता मुखेड-कंधारच्या डोंगरात तीस उंबऱ्यांचा तांडा. पन्नास आणायचे कुठून? दसरा झाला की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि ऊसतोडीला जायचं, हाच त्यांचा रोजगार, हीच त्यांची हमी.

2005 साली देशाचा कायदा झाला, महाराष्ट्राकडं बघूनच झाला. 2 फेब्रुवारी 2006 ला पहिल्या 200 जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नांदेड होता. लातूर नंतर आलं. गंमत अशी की त्या वेळी मुख्यमंत्री विलासराव देशमुख, लातूरचे. मागासांच्या यादीत आधी नंबर लागला शेजाऱ्याचा. ते भाग्य म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

हिशेबाची रीतही बदलली. राज्याच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्रानं घराला 100 दिवस ठरवले. त्यापुढचे दिवस महाराष्ट्रानं आपल्या पैशातून द्यायचे, असं जमवून घेतलं. 2009 पासून केंद्रानं मजुरीचा दर राज्याच्या किमान वेतनापासून तोडला. म्हणजे खर्च आवरायचा दरवाजा आता दिल्लीत. आपला व्यवसाय कर मात्र चालूच राहिला.

शेवटचा एक कागद सांगतो आणि थांबतो. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना नंबर 4. तो ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात, भत्ताही त्यावरच. अर्ज तोंडी झाला, किंवा घेतला आणि पोच दिली नाही, तर कागदावर कुणी काम मागितल्याचं दिसतच नाही. मग तालुक्याच्या अहवालात मागणी शून्य, जिल्ह्याच्या अहवालात शून्य, आणि पुढच्या वर्षीचा खर्चाचा अंदाज त्याच शून्यावर बेततात. लातूर-नांदेड रस्त्यावर नोव्हेंबरात पहाटे उभं राहिलात तर ऊसतोडीचे ट्रक मोजता येतील. तो आकडा कुठल्याच नमुन्यात भरायला रकाना नाही.

आता प्रश्न घेऊ. मागं हात वर दिसतोय, माईक जरा तिकडं द्या.