मंडणगडची चूल आणि जळणाचा कारभार

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री आणि भारजा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या मंडणगड तालुक्यात घरगुती जळणाचा इतिहास लिहायचा झाल्यास तो प्रामुख्याने स्त्रियांच्या निर्णयांचा इतिहास ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि बाणकोट, हर्णे, दाभोळ या बंदरांतून कोकणातील पुरुष मुंबईची वाट धरू लागले. गावी राहिली ती शेती, गुरे, वृद्ध, मुले आणि हा सारा संसार सांभाळणारी स्त्री. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर घर चाले हे खरे. मात्र चुलीत काय जाळायचे, ते कोठून आणायचे आणि किती साठवायचे, हे ठरविण्यास मुंबईहून कोणी येत नसे.

हा निर्णय वाटतो तितका साधा नव्हता. जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांश चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे आगोटीच्या बेगमीत मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्या बरोबरीने सरपणाला स्थान असे. शिमगा आटोपला की डोक्यावर चुंभळ, हातात कोयता घेऊन स्त्रिया रानात जात आणि मेअखेरपर्यंत पडवी व गोठ्याचा माळा मोळ्यांनी भरून काढीत. कोणते लाकूड कशासाठी, याचे ज्ञान सासूकडून सुनेकडे येई. ऐन आणि किंजळ यांचे लाकूड सावकाश जळते आणि निखारा टिकवते, म्हणून ते पेजेसाठी व रोजच्या जेवणासाठी. पातेरा, काटक्या आणि माडाच्या झावळ्या भडकन पेटतात, म्हणून त्या चूल पेटविण्यासाठी. नारळाची सोडणे आणि करवंट्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीकडे जात. मुख्य चुलीला जोडलेल्या वैलावर उरलेल्या उष्णतेत डाळ शिजे वा दूध तापे. चुलीवरच्या धुरात बियाण्याची कणसे आणि सुकी मासळी टिके, कौलांखालचे वासे किडीपासून वाचत. एकाच आगीकडून अशी पाच-सहा कामे करून घेण्याची ही व्यवस्था होती. पुढे आलेल्या बहुतेक सरकारी योजनांनी त्यांपैकी एकच काम, म्हणजे स्वयंपाक, हिशेबात धरले.

जळणाची ओढाताण शेताशीही होती. भाताची रोपे तयार करण्यासाठी पावसाळ्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत कोकणात सर्वत्र रूढ होती. राबाला शेण लागे, झाडांची छाटलेली कवळ लागे, गवत आणि पातेराही लागे. घाटावर गोवऱ्या हे मुख्य जळण ठरले. येथे मात्र शेण आधी राबाला आणि जमीन सारवायला, मग उरल्यास शेणी थापायला. राबाला किती द्यायचे आणि चुलीसाठी किती राखायचे, ही वाटणी चुकली तर एकतर रोपे खुरटत किंवा ऐन श्रावणात ओले लाकूड फुंकत बसावे लागे.

निर्णय स्त्रीचा असला तरी झाड तिच्या नावावर नव्हते, ही या कथेतील खरी अडचण होय. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प आहे. रान बहुतांशी खासगी मालकीचे आहे. खोती पद्धतीत वरकस जमिनीवरचा अंमल खोताचा असे. याच तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती संपली ती १९४९ च्या कायद्याने. पण त्यानंतरही सातबाऱ्यावर नाव आले ते घरातील पुरुषांचे. मुंबईत राहणाऱ्या भावकीने रान ठेकेदाराला विकले की गावातील स्त्रीचे वर्षानुवर्षांचे सरपण काही दिवसांत ट्रकमध्ये भरले जाते. तिला विचारण्याची पद्धत नाही. कातकरी कुटुंबांतील स्त्रियांची स्थिती याहून बिकट. दुसऱ्यांच्या रानातून मोळी आणून ती विकणे किंवा हंगामात कोळशाच्या भट्टीवर राबणे, हा त्यांच्या उपजीविकेचा भाग राहिला. जळण त्यांच्यासाठी घरखर्चही होते आणि मिळकतही.

रॉकेल गावात आले ते आधी चिमणी आणि कंदिलापुरते. स्वयंपाकासाठी स्टोव्ह रुळला तो मुंबईच्या चाळीत. तेथे गिरणी कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या बायकांपुढे इंधनाचा प्रश्न रोख पैशांचा होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याआधी, १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने निघालेल्या लाटणे मोर्चांत धान्य आणि तेलाबरोबर रॉकेलची टंचाईही ऐरणीवर आली. सार्वजनिक राजकारणात घरगुती इंधनाचा प्रश्न स्त्रियांनी इतक्या ठळकपणे मांडल्याचे हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे.

केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. धूर कमी व्हावा, लाकूड वाचावे, हा हेतू योग्यच होता. धुराची किंमत मोठी आहे. घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुण्याच्या ‘आरती’ अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली या क्षेत्रात मोलाचे काम केले. (कर्वे घराणे मूळचे मंडणगडला लागून असलेल्या दापोली तालुक्यातील मुरुडचे.) तरीही देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्यानंतर २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम बंद केला. अरुंद तोंडाच्या चुलीला लाकूड बारीक फोडून द्यावे लागे, म्हणजे कोयत्याचे काम वाढे आणि ते करणारी बाईच. धुरांड्यात काजळी साचे आणि कौलारू छपराला पाडलेल्या भोकातून कोकणचा पाऊस आत येई. वाचलेले लाकूड मोजले गेले, वाढलेले श्रम नाहीत.

गोबरगॅसचा अनुभव वेगळा आहे. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने हजारो संयंत्रे उभारली. मात्र त्यासाठी गोठ्यात गुरे हवीत आणि शेण कालवायला पाणी हवे. गुरे कमी होत चाललेल्या आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या वाड्यांना ते परवडत नाही.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्याच नावे देण्याची अट घालण्यात आली. घराच्या उताऱ्यावर नाव नसलेल्या बाईचे नाव गॅसच्या पुस्तकावर आले, ही बाब कमी लेखण्यासारखी नाही. आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. परंतु त्याच वर्षीच्या ‘कॅग’च्या अहवालानुसार, एक वर्ष पूर्ण झालेल्या उज्ज्वला ग्राहकांचा वापर मार्च २०१८ पर्यंत वर्षाला सरासरी ३.६६ सिलिंडर इतकाच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिलिंडरमागचे अनुदान ३०० रुपये करण्यात आले. ते बँकेत नंतर जमा होते. सिलिंडर दारात येते तेव्हा पूर्ण रक्कम हातात असावी लागते. सरपणाला पैसे लागत नाहीत, लागतात ते बाईचे तास. घरखर्चाच्या कोणत्याही वहीत ते तास लिहिले जात नाहीत, म्हणून लाकूड ‘फुकट’ ठरते.

परिणामी कोकणातील अनेक घरांत दोन्ही व्यवस्था एकत्र नांदतात. सकाळचा चहा, मुलांचा डबा आणि पाहुण्यांचे पोहे गॅसवर. तांदळाची भाकरी आणि आंघोळीचे पाणी लाकडावर. गणपतीत चाकरमानी सहकुटुंब गावी येतात, चार माणसांच्या घरात पंधरा पाने वाढली जातात आणि पहिल्या दोन दिवसांतच सिलिंडर हलके लागू लागते. अशा वेळी मागीलदारची चूल पेटते. तिच्यासाठीचे कोरडे लाकूड मे महिन्यातच माळ्यावर चढवून ठेवलेले असते.