धुक्यात गेलेली कॅटालिना

दुसऱ्या महायुद्धातली विमानं म्हटली की डोळ्यांपुढे हवेतल्या चकमकी येतात. आज मी तुम्हाला अलास्काच्या टोकाला, अल्यूशन बेटांवर नेणार आहे. तिथे शत्रूपेक्षा हवामानानं जास्त विमानं गिळली.

3 आणि 4 जून 1942 ला जपानी विमानांनी डच हार्बरवर बॉम्ब टाकले. पाठोपाठ किस्का आणि अट्टू ही बेटं जपाननं घेतली. त्यांचं आरमार शोधायचं काम अमेरिकी नौदलाच्या कॅटालिना विमानांकडे होतं. पाण्यावर उतरू शकणारं हे दोन इंजिनांचं विमान संथ, पण बारा तासांहून जास्त हवेत राहणारं.

आता अडचण समजून घ्या. तिथे दक्षिणेचा उबदार, दमट वारा थंड पाण्यावर येतो आणि धुकं धरतं. आपल्याकडे वारा सुटला की धुकं पांगतं. तिथे दोन्ही एकदमच असतात. खाली खुणा नाहीत, वर तारे नाहीत. मग घड्याळ, होकायंत्र आणि वेग यांवरून जागेचा हिशेब मांडायचा. वाऱ्याचा अंदाज ताशी 30 किलोमीटरनं चुकला, तर पाच तासांत विमान 150 किलोमीटर भलतीकडे! त्यात पंखांवर बर्फ, संपत आलेलं इंधन आणि खाली माणूस गारठवून मारणारं पाणी.

10 जुलै 1942 ला लेफ्टनंट विल्यम थीस यांचं कॅटालिना असंच वाट चुकलं. नशिबानं शुमागिन बेटं दिसली आणि जागा कळली. जवळच्या वाटेनं परतताना अकुटान बेटाच्या दलदलीत उलटं पडलेलं जपानी झीरो विमान त्यांच्या नजरेस पडलं. अमेरिकेनं ते दुरुस्त करून उडवलं आणि झीरोच्या उणिवा शोधल्या. ही गोष्ट पुस्तकांत आवर्जून येते.

पण ज्यांना कुठलंच बेट दिसलं नाही, त्यांचं काय? ते 'बेपत्ता' ठरले. 1942 च्या अमेरिकी कायद्यानुसार अशा सैनिकाचा पगार चालू राहायचा. 12 महिन्यांनी प्रकरण पुन्हा तपासायचं आणि काहीच कळलं नसेल तर मृत्यू गृहीत धरता यायचा. तोवर घरच्यांनी आशा धरायची की सुतक पाळायचं, हे कुठला कायदा सांगणार? झीरोची गोष्ट सांगताना मला ही घरं आधी आठवतात.

पुढच्या भागात पाहू, 1943 मध्ये याच धुक्याचा आडोसा घेऊन जपान्यांनी किस्का कसं रिकामं केलं.