कविवर बनारसीदास : ज्ञान आणि आचरण

शास्त्र सांगणारा पंडित स्वतः शास्त्राप्रमाणे वागतो का, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात नेहमीच असतो. चरित्रग्रंथांतून त्याचे उत्तर क्वचितच मिळते, कारण चरित्रकार गुण गातात व दोषांवर पांघरूण घालतात. कविवर बनारसीदासांनी मात्र हे उत्तर स्वतःच लिहून ठेवले. विक्रम संवत १६९८ म्हणजे इ. स. १६४१ मध्ये आग्रा येथे त्यांनी ‘अर्धकथानक’ हे ६७५ पद्यांचे आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून ५५ वर्षांची ही ‘अर्धी कथा’ होय. हिंदीतील पहिले आत्मचरित्र असा तिचा लौकिक आहे.

बनारसीदासांचा जन्म इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिरे होते. तरुणपणी आपण विषयासक्त झालो, वडिलांची रत्ने चोरली, हे बनारसीदासांनी लपविलेले नाही. धनाच्या लोभाने एका संन्याशाने दिलेला मंत्रही त्यांनी वर्षभर जपला. रोज दारात एक दीनार सापडेल असे आश्वासन होते, पण हाती काहीच लागले नाही. पुढे इ. स. १६०५ मध्ये, एक असत्य बोलणाराही दुर्गतीस जातो, मग आपण तर ग्रंथभर असत्य रचले, या विचाराने त्यांनी स्वतःचे हजार पद्यांचे शृंगारकाव्य गोमती नदीत सोडून दिले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. इ. स. १६२३ मध्ये आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ राजमल्लांच्या टीकेसह त्यांच्या हाती आला. आत्मा शुद्ध आहे, क्रिया बाह्य आहे, एवढेच त्यांनी त्यातून घेतले. निश्चयनय हाती धरला आणि व्यवहार सोडला. जप, सामायिक, प्रतिक्रमण सुटले. देवाला चढविलेला नैवेद्यही खाल्ला जाऊ लागला. तीन मित्रांसह बंद कोठडीत वस्त्रे टाकून ‘आम्ही आता अपरिग्रही मुनी झालो’ असे म्हणत फिरण्यापर्यंत मजल गेली. लोक निंदा करू लागले. ग्रंथ थोर होता, वाचक विद्वान होता; तरीही अर्धवट आकलनाने आचरण घसरले.

सुमारे १२ वर्षांनी, इ. स. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले व तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावून सांगितला. जीव ज्या गुणस्थानी आहे त्यास अनुरूप अशीच त्याची क्रिया असते, हे ऐकून बनारसीदासांचा संशय फिटला. पुढील वर्षीच त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले. ज्या ग्रंथाच्या चुकीच्या अर्थाने ते भरकटले होते, त्याचेच मर्म त्यांनी लोकभाषेत सुलभ केले.

मग ते निर्दोष झाले काय? त्यांचे स्वतःचे उत्तर नकारार्थी आहे. त्यांचे तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी एकही जगले नाही. देह व आत्मा यांचा भेद जाणणाऱ्या या पित्याने आपले दुःखही मोकळेपणाने लिहिले. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आधी आपले गुण व नंतर दोष नोंदविले आहेत. लक्ष्मीचा लोभ मोठा आहे, जप-तप घडत नाही, थट्टेत असत्य बोलले जाते, एकांतात नाचावेसे वाटते, अकस्मात भीती ग्रासते, असे ते सांगतात. उत्तम, मध्यम व अधम अशा तीन प्रकारच्या माणसांत त्यांनी स्वतःला मध्यम ठरविले. व्यापाऱ्याने वहीत जमा व नावे या दोन्ही बाजू चोख मांडाव्यात, तशी ही मांडणी आहे.

पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ. स. १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ संपादित करून प्रकाशित केला, आणि तीन शतकांपूर्वीची ही वही सर्वांसाठी उघडली. बनारसीदासांच्या दोषांमुळे ‘समयसार नाटक’ उणे ठरत नाही, आणि त्या कृतीमुळे त्यांचे दोष गुण ठरत नाहीत. दर्शन, ज्ञान व चारित्र ही तिन्ही एकत्र आली तरच रत्नत्रय होते. चारित्र जिथे कमी पडले, तिथे त्यांनी ते कमी पडल्याचे कबूल केले. आपल्या परंपरेत यालाच आलोचना म्हणतात, आणि सुधारणेची पहिली पायरी तीच आहे.