धुक्यातला मनोरा

विमानतळावर अपघात घडला की त्याची पहिली खबर नियंत्रण मनोऱ्याला, म्हणजे टॉवरला, लागते आणि तेथून ती अग्निशमन दलापर्यंत, रुग्णालयांपर्यंत व आकाशात घिरट्या घालणाऱ्या इतर विमानांपर्यंत पोहोचते, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकातील मोठ्या अपघातांचा इतिहास पाहिला तर अनेकदा याच्या उलट घडलेले दिसते. धावपट्टीवर शेकडो माणसे जळत असताना मनोऱ्यातील नियंत्रक बिनतारी संदेशयंत्रावर त्याच विमानांची चौकशी करत होते, आणि नेमके काय झाले हे त्यांना कळले ते भलत्याच एखाद्या वैमानिकाच्या तोंडून. अपघातानंतर नियंत्रक आणि वैमानिक यांच्यात जी ठरीव, मोजक्या शब्दांची भाषा बोलली जाते, तिची घडण समजून घ्यायची तर मनोऱ्याच्या या न दिसण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, कारण विमाने थोडी होती, हळू होती आणि डोळ्यांच्या टप्प्यात होती. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९२९ च्या सुमारास आर्ची लीग हा नियंत्रक मैदानावर उभा राहून दोन निशाणांनी वैमानिकांना थांबण्याची वा निघण्याची खूण करत असे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर मात्र त्याआधीच, १९२० च्या दशकाच्या प्रारंभी, बिनतारी दूरध्वनीवरून वैमानिकांशी बोलण्याची सोय झाली होती आणि संकटाच्या हाकेचा प्रश्न तेथेच प्रथम ठळकपणे पुढे आला. जहाजांसाठी रूढ असलेली ‘एसओएस’ ही खूण तारेच्या ठिपक्या-रेषांत उत्तम चाले. परंतु आवाजाच्या खरखरीत ‘एस’ हे अक्षर नीट ओळखू येत नसे. क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळाशी असल्याने दोन्ही ठिकाणच्या माणसांना सहज उमजेल असा शब्द हवा होता. क्रॉयडनचे वरिष्ठ बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून ‘मेडे’ हा शब्द सुचवला, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याला मान्यता मिळाली. जिवावरचे संकट असेल तर हा शब्द तीनदा उच्चारायचा आणि निकड आहे पण प्राणांतिक धोका नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणायचे, असा भेद पुढे स्थिरावला.

‘मेडे’ची खरी ताकद त्याच्या अर्थापेक्षा त्याने लादलेल्या शांततेत आहे. एका कंप्रतेवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीवर, एका वेळी एकालाच बोलता येते. म्हणून ही हाक ऐकू येताच इतर सर्वांनी गप्प राहायचे असते, आणि कोणी बोललेच तर संकटातील विमान किंवा नियंत्रक त्याला बोलणे थांबवण्याचा आदेश ‘मेडे’ हा शब्द जोडून देऊ शकतो. संकट निवळल्यावर संकटाची वाहतूक संपल्याचे जाहीर करून ही शांतता रीतसर उठवली जाते. परंतु या साऱ्या व्यवस्थेमागे एक गृहीतक होते: संकटातला माणूस बोलू शकेल. धावपट्टीवरील टकरीत नेमके तेच खोटे ठरते.

त्याचा सर्वांत भीषण पुरावा २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधील तेनेरीफ येथे मिळाला. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळात बॉम्बस्फोट झाल्याने तिकडची विमाने लॉस रोदेओस या छोट्या विमानतळाकडे वळवण्यात आली होती. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथले ‘धुके’ म्हणजे बहुतेकदा धावपट्टीवर उतरलेले ढगच असतात, त्यामुळे दृश्यता काही मिनिटांत पालटते. रविवार असल्याने मनोऱ्यात दोनच नियंत्रक होते आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. केएलएम या डच विमान कंपनीचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी वळून उभे होते. पॅन ॲमचे तसेच दुसरे विमान त्याच धावपट्टीवरून त्याच्यामागून येत होते.

त्या शेवटच्या मिनिटातील शब्द पुढे जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत अभ्यासले गेले. केएलएमच्या सहवैमानिकाने मार्गाची परवानगी परत म्हणून दाखवली आणि शेवटी आपण आता ‘टेक-ऑफला’ आहोत, अशा अर्थाचे मोघम वाक्य जोडले. डच भाषेत चालू क्रिया सांगण्याची जी धाटणी आहे, ती या इंग्रजी वाक्यात उतरली असावी, असे भाषाभ्यासकांनी सुचवले आहे. नियंत्रकाला मात्र विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे, एवढाच त्याचा अर्थ लागला. त्याने ‘ओके’ म्हटले आणि उड्डाणासाठी थांबा, मी कळवतो, असे सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगू लागला. दोन आवाज एकाच कंप्रतेवर आदळले की ऐकणाऱ्याला केवळ एक कर्कश शिट्टी ऐकू येते, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीन-चार सेकंद तीच शिट्टी घुमली. ‘ओके’ तेवढे ऐकू गेले. थांबण्याची सूचना आणि पॅन ॲमचा इशारा त्या शिट्टीत विरला. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएमच्या विमानातील २४८ जणांपैकी कोणीही वाचले नाही आणि पॅन ॲमच्या ३९६ पैकी ६१ जण वाचले.

टकरीपूर्वीच्या या संवादावर भरपूर लिहिले गेले. टकरीनंतरच्या मिनिटांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव खटकणारी आहे. मनोऱ्यातील नियंत्रकांना एकापाठोपाठ स्फोटांचे आवाज ऐकू आले. पण ढगांमुळे काहीच दिसत नव्हते. विमाने उभी करण्याच्या जागेवरील एका विमानाने आग दिसल्याचे कळवले, तेही नेमकी जागा न सांगता. नियंत्रकांनी अग्निशमन दलाला सावध केले, परंतु कुठे जा, हे त्यांना सांगता येत नव्हते. बंब दाट धुक्यातून, वाटेतल्या विमानांना चुकवत, एका उजेडाच्या रोखाने गेले आणि केएलएमच्या जळत्या सांगाड्यापाशी पोहोचले. धुके थोडे विरळ झाल्यावर पलीकडे आणखी एक उजेड दिसला, तेव्हा तो त्याच विमानाचा तुटलेला भाग असावा, असे जवानांना वाटले. जवळ गेल्यावर तेथे दुसरे विमान आहे आणि त्यात वाचवता येण्याजोगी माणसे आहेत, हे उघड झाले. टक्कर दोन विमानांची झाली, हे सांगू शकणारा एकही आवाज त्या वेळी हवेत नव्हता.

तेनेरीफनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या शब्दसंहितेत झालेले बदल सर्वज्ञात आहेत. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, तसेच महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ न म्हणता ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, ज्याला ‘रीडबॅक’ म्हणतात, हा दंडक कडक झाला. हे सारे अपघात टाळण्यासाठी होते. अपघात होऊन गेल्यावर मनोऱ्याने काय करावे, याचे उत्तर मात्र शब्दांइतकेच साधनांत शोधावे लागले. त्यातले सर्वांत साधे आणि कदाचित सर्वांत मोलाचे साधन म्हणजे चौकटींचा नकाशा: विमानतळाच्या आराखड्यावर आडव्या-उभ्या रेषा मारून प्रत्येक चौकटीला अक्षर व अंक दिलेले असतात आणि त्याच नकाशाची प्रत मनोऱ्यात, अग्निशमन केंद्रात व बंबांमध्ये ठेवलेली असते. अपघाताची घंटा, जिला ‘क्रॅश बेल’ म्हणतात, वाजवल्यावर नियंत्रक थेट दूरध्वनीवरून चौकटीचा क्रमांक, विमानाचा प्रकार, त्यातील माणसांची संख्या आणि उरलेले इंधन एवढेच सांगतो. त्याच वेळी दुसरा नियंत्रक उतरण्याच्या बेतात असलेल्यांना ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्यास, आणि जमिनीवरच्यांना जागच्या जागी थांबण्यास सांगतो. अपघाताविषयी त्यांना जेवढे आवश्यक तेवढेच कळवले जाते. कोण वाचले, चूक कोणाची, याचा अंदाज कंप्रतेवर बोलला जात नाही. हा संयम कोरडा वाटू शकतो, पण त्याच कंप्रतेवर आणखी अनेक विमानांतील शेकडो माणसांचे जीव टांगलेले असतात, हे ध्यानात घेतले की त्यातली माणुसकी लक्षात येते.

दिसण्याची अडचण केवळ धुक्याची नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेडचे विमान स्वच्छ उजेडात, पूर्वसूचना देऊन, बंब सज्ज असताना कोसळले. तरीही कॉकपिटचा चेंदामेंदा झालेला ढीग कॉकपिट म्हणून कोणाला ओळखू आला नाही आणि आतले वैमानिक सुमारे ३५ मिनिटांनी जिवंत सापडले. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर तर तेनेरीफचीच पुनरावृत्ती झाली. दाट धुक्यात वाट चुकलेले एक छोटे सेसना विमान धावपट्टीवर आले, उड्डाण घेणाऱ्या एसएएसच्या विमानाची त्याला धडक बसली आणि मोठे विमान सामानाच्या इमारतीवर जाऊन आदळले. जमिनीवरचे रडार त्या दिवशी कार्यरत नव्हते. सर्वांचे लक्ष पेटलेल्या इमारतीकडे लागले आणि धावपट्टीवर जळणारे सेसना बराच काळ कोणाच्या गणतीतच नव्हते. एकूण ११८ जण दगावले.

भारतापुरते पाहायचे तर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ झालेली टक्कर विमानतळावरची नसून आकाशातली होती. पण दिल्लीच्या नियंत्रकाला ती कळली त्याच जुन्या रीतीने. सौदी आणि कझाक ही दोन्ही विमाने हाकेला उत्तर देईनाशी झाली, आणि ढगांत नारिंगी उजेड पसरल्याचे कळवले ते त्या वेळी दिल्लीकडे येणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विमानाने. ३४९ माणसे गेली. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वैमानिकांऐवजी स्वतंत्र बिनतारी अधिकाऱ्याकडे होते, आणि या व अशा इतर अपघातांतून वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीच्या किमान पातळीची आंतरराष्ट्रीय अट पुढे आली, जी २००८ पासून लागू झाली.

मनोऱ्यातील संवादाचे ध्वनिमुद्रण किमान ३० दिवस जपून ठेवण्याचा आणि अपघात झाल्यास चौकशी पुरी होईपर्यंत त्याला हात न लावण्याचा नियम आहे. अपघाताच्या वेळी कामावर असलेल्या नियंत्रकाला शक्य तितक्या लवकर दुसऱ्याच्या हवाली जागा करून उठवण्याची प्रथाही अनेक देशांत रुजली आहे. अशा नोंदींचे मोल पुढेही दिसून आले: २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे उतरणारे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले, तेव्हा प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले, आणि भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मरण पावले. जपान सरकारने दुसऱ्याच दिवशी मनोऱ्यातील संवादाची संहिता प्रसिद्ध केली. तटरक्षक विमानाला निघण्याच्या क्रमात तुमचा पहिला क्रमांक आहे, असे सांगितले गेले होते. धावपट्टीवर येण्याची परवानगी मात्र त्या संहितेत कुठेच नव्हती. त्यानंतर जपानच्या मनोऱ्यांतून क्रमांक सांगणे काही काळ थांबवण्यात आले.