एका टोपल्यातली भाकर

आमच्या घरातली मोठी माय वर्षं आकड्यांनी मोजत नसे. रझाकारांच्या भीतीनं बायालेकरं रानात झोपली ते वर्ष, मिलो खाल्ला ते वर्ष, किल्लारीकडं जमीन हलली ते वर्ष, अशी तिची मोजणी. त्यातच ती आणखी एक वर्ष सांगायची, "कॉलेजातली पोरं आपल्या वट्यावर जेवली ते साल." रझाकार, दुष्काळ आणि भूकंप यांच्या ओळीत पोरांच्या जेवणाला जागा कशी मिळाली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ती पोरं राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आलेली होती. तेव्हापासून आमच्या विद्यापीठातल्या या योजनेचा इतिहास मी अहवालांत कमी आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत जास्त शोधत आलो आहे.

आमची टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली. शेजारीच बुलढाणा जिल्हा. त्यामुळे बोलीत मराठवाडी आणि वऱ्हाडी दोन्ही नांदतात, आणि देऊळगाव राजाचा बालाजी आम्हाला परजिल्ह्यातला वाटत नाही. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला. तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो आणि शिकायचं म्हणजे औरंगाबादेलाच जायचं. तिथं २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी या भागातल्या पदव्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या असत. निजामाच्या राज्यात खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरानं पदवी घ्यावी ही कल्पनाच दूरची होती. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी यांनी विद्यापीठ उभारायला घेतलं, तेव्हा आमच्यासारख्या गावांत मॅट्रिक झालेला माणूसही शोधावा लागे. नवी विद्यापीठं खेड्यांकडे वळली, असं आपण सहज म्हणतो. मराठवाड्याचं विद्यापीठ मात्र खेड्यांतूनच भरलं होतं. तिथल्या पोरांना सेवेसाठी गावात पाठवायचं म्हणजे त्यांना त्यांच्याच घरी नव्यानं पाठवायचं होतं.

आमचे थोरले काका, त्यांना आम्ही नाना म्हणतो, घरातले पहिले पदवीधर. बहात्तरच्या दुष्काळात ते औरंगाबादेत शिकत होते. तेव्हा राष्ट्रीय सेवा योजना सुरू होऊन तीनेक वर्षंच झाली होती. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू केली. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते ४० हजार. आज हा आकडा ४० लाखांच्या आसपास आहे.

पण त्यामागे वीस वर्षांचा खल होता आणि त्यात एक मराठी माणूस फार मोठा विचार करून बसला होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रायगड जिल्ह्यातल्या रोह्याशी नातं असलेले, रिझर्व्ह बँक आणि अर्थखातं सांभाळून विद्यापीठ अनुदान आयोगावर आलेले देशमुख. त्यांच्या समितीनं सांगितलं की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. खर्चाचा आवाका पाहून ही सूचना मागे पडली. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना अभ्यासल्या आणि सेवा ऐच्छिक असावी असा सल्ला दिला. कोठारी शिक्षण आयोगानं शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडा म्हटलं. अमेरिकेतही सेवेला अभ्यासाची जोड देण्याचे प्रयोग त्याच दशकात रुजत होते. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. शहरातली पोरं तिथं हातात कुदळ घेऊन आनंदवनातल्या बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यांसोबत राबत होती. सरकारी योजना आणि सोमनाथ या वेगळ्या गोष्टी. तरी त्या पिढीच्या डोक्यात दोन्हींचं वारं एकच होतं, असं नाना सांगतात. सक्ती झाली नाही हे मला बरं वाटतं. सक्तीच्या वर्षभरातून हजेरीपटच भरले असते.

हजेरीपटावरून नानांची गोष्ट सांगायलाच हवी. १९७३ साली योजनेच्या शिबिरांना 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा विषय दिला गेला. महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळी कामांवर ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. गुरं विकलेली, विहिरी कोरड्या, खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि पोरांना सुकडी. नानांची तुकडी एका पाझर तलावाच्या कामावर गेली. पोरांनी जोमानं टोपली उचलली, पण दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. एका मजूर बाईनं त्यांच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. म्हणाली, "तुमच्यानं माती व्हत नाही बाप्पा. तुम्हाला वाचता येतं ना? मंग त्या कागदात माझं काय लिव्हलं ते वाचून दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून नाना आणि दोन-तीन जण संध्याकाळी मुकादमाशेजारी उभे राहून हजेरीपट मोठ्यानं वाचू लागले. कुणाचे किती दिवस, किती माप, किती पैसे. आपलं नाव ऐकून बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. काहींचे दिवस कमी लागले होते, ते तिथल्या तिथं दुरुस्त झाले. नाना म्हणतात, "आम्ही गेलो होतो तलाव बांधायला. तिथं आमचं काम काय ते त्या बाईनं ठरवलं." पुढे ते आयुष्यभर शिक्षक राहिले. अर्थशास्त्र शिकवताना मजुरीचा धडा आला की ते पुस्तक मिटून हीच गोष्ट सांगत, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तो पाझर तलाव गाळानं भरत आला आहे, पण त्याच्या खालच्या विहिरींना अजून पाणी असतं.

आता मोठ्या मायच्या वट्याकडे येतो. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दलित वस्त्या जळल्या. माणसं मेली, घरं सोडून पळाली. ज्या विद्यापीठानं गावाला शिकवायचं, त्याच्याच नावावरून गावं दुभंगली. त्यानंतर दोनेक हिवाळे गेले असतील. गावाजवळ एका कॉलेजचं शिबिर लागलं. तेव्हाची शिबिरं आजच्यासारखी आचारी लावून होत नसत. सकाळी पोरं गल्लोगल्ली टोपलं घेऊन फिरत, घरटी दोन-दोन भाकरी मागत. सरांची एकच अट होती. टोपलं एकच असेल आणि पंगत एकच बसेल.

म्हणजे पाटलाच्या घरची, आमच्या घरची, बौद्धवाड्यातली, मुसलमान गल्लीतली भाकर एकावर एक पडणार. बाजरीची कोणती, ज्वारीची कोणती एवढं कळायचं, कोणत्या घरची ते नाही. गावात कुजबुज झाली. एक-दोन घरांनी दार लावून घेतलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, शिबिराचा मांडव भिजला आणि सर पोरांना घेऊन आमच्या वट्यावर आले. मोठ्या मायनं काही बोलायच्या आत पोरं ओळीनं बसली सुद्धा. तिनं पिठलं टाकलं आणि वाढत गेली.

रात्री भावकीतले दोघं विचारायला आले, तुझ्या वट्यावर कोण कोण जेवलं म्हणून. ती म्हणाली, "टोपलं एक व्हतं. मी काय भाकरीला जात इचारू?"

ही गोष्ट सांगताना ती त्याआधीचीही सांगायची. आमच्या घरात गोठ्याच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असायची. कामावर येणाऱ्या बौद्धवाड्यातल्या माणसांना चहा त्यात. ती कपबशी तिनंच तिथं ठेवली होती, तिच्या सासूनं शिकवलं तशी. वट्यावरच्या जेवणानंतर तिनं ती मोडून टाकली असं नाही. ती तिथंच राहिली, फक्त वापरली गेली नाही. पुढे कधीतरी कोंबड्यांना पाणी ठेवायला गेली. गाव बदललं का? अर्ध्याहून कमी. पण एक घर बदललं, आणि ते वर्ष मोठ्या मायच्या मोजणीत रझाकारांच्या शेजारी जाऊन बसलं.

त्याच शिबिरानं श्रमदानातून वस्तीकडे जाणारा मुरुमाचा रस्ता केला होता. दोन पावसाळ्यांत तो वाहून गेला. आजही शिबिराचे अहवाल रस्त्याचे मीटर, शोषखड्ड्यांची संख्या, लावलेली रोपं मोजतात. ते मोजावंच लागतं, त्याशिवाय अनुदान कसं मिळणार? पण गावाच्या आठवणीत या गोष्टी टिकलेल्या मला कुठंच आढळल्या नाहीत. लोकांना आठवतं ते कोण कुणाच्या घरी जेवलं, कोणत्या पोरीनं म्हातारीला पोस्टातलं पत्र वाचून दाखवलं, कोणते सर गावकऱ्यांसमोर स्वतः गटारात उतरले. या सरांविषयी थोडं बोललंच पाहिजे. शंभर विद्यार्थ्यांचं एकक, त्याला एक कार्यक्रम अधिकारी. दोन वर्षांत प्रत्येकाचे २४० तास भरायचे, सात दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं, आणि हे सगळं आपले वर्ग सांभाळून. मुलींना शिबिराला पाठवा म्हणून आईबापांच्या दारात जायचं, "रात्री झोपायची सोय कशी?" या प्रश्नाचं उत्तर दहा घरी द्यायचं. मराठवाड्यात ही योजना ज्यांनी वाढवली त्यांच्यात अशा प्राध्यापकांचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला. सगळा मराठवाडा तेव्हा एकाच विद्यापीठात होता. ढिगाऱ्यांपाशी धावलेल्यांत कॉलेजांची पोरंही होती. आमच्या शेजारचा एक मुलगा गेला होता. परत आल्यावर तो कित्येक दिवस बोलला नाही, आणि आजही त्या दिवसांविषयी विचारलं तर विषय बदलतो. सेवेतून जे शिकायला मिळतं ते पोराला पेलेलच असं नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं वेगळं विद्यापीठ निघालं. आमच्याकडच्या विद्यापीठात औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे उरले. नंतर कॉलेजं तालुक्यात आली, मोठ्या गावांत आली. आता स्वयंसेवक शहरातून येत नाहीत, शेजारच्या गावाहून दुचाकीवर येतात.

नव्या शैक्षणिक धोरणात हे काम अभ्यासक्रमाच्या आत आलं आहे. समाजसहभाग, क्षेत्रप्रकल्प यांना श्रेयांक आहेत, सेवा योजनेलाही आहेत. काही जुन्या मंडळींना हे आवडत नाही. सेवेला मार्क कसले, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतात काम करून कॉलेजला येणाऱ्या पोराचा वेळ हीच त्याची कमाई असते. तो गावासाठी दिला तर विद्यापीठानं त्याची नोंद घ्यावी, यात गैर काय? माझी अडचण दुसरीच आहे. पोरं घरोघर फिरतात, शौचालय, पाणी, शिक्षण, कर्ज यांची माहिती भरून नेतात, प्रकल्प कॉलेजात जमा होतो, आणि ज्या गावाची ती माहिती, त्या गावाला तो कागद पुन्हा दिसत नाही. पन्नास वर्षांचे असे कागद गावोगावी परत आले असते तर ग्रामपंचायतींच्या कपाटांत मराठवाड्याच्या पाण्याचा, शेतीचा आणि उपासमारीचा केवढा मोठा इतिहास उभा असता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी शिबिर लागलं, तेव्हा मी तिथल्या सरांना विनंती केली. समारोपाला पाहुण्यांची भाषणं कमी करा आणि पाण्याचं सर्वेक्षण गावासमोर वाचा. ते तयार झाले. एका मुलीनं वाचायला सुरुवात केली. विहिरी इतक्या, बोअर इतके. बोअरचा आकडा ऐकताच मागून एक म्हातारा उठला. "खोटं हाय हे. येवढे तर आमच्या एका शिवारात हाईत, आन् निम्मे आटलेत." दुसरा म्हणाला, आटलेले धरू नका. तिसऱ्यानं विचारलं, का धरू नये, त्यांचं कर्ज तर अजून फिटतंय. मग बोअर कुणी कधी घेतला, किती फुटांवर पाणी लागलं, कधी गेलं, याची शिवारनिहाय यादी सुरू झाली. मुलीनं आधीचं पान खोडून नवे रकाने पाडले, आटलेले वेगळे, कर्जातले वेगळे. तोवर जेवणं तयार झाली होती. कुणी उठलं नाही म्हणून सरांनी ताटं तिथंच मागवली.