जहाजाचा खिळा

जुन्या लांकडी जहाजाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे लोकांचें लक्ष डोलकाठी, शिडें आणि कोरीव काम यांकडे जातें. फळी ज्यानें जखडली जाते त्या खिळ्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः जहाजाचें आयुष्य पुष्कळदां या क्षुद्र खिळ्यावरच ठरतें, आणि तो कोणत्या धातूचा असावा हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं.

इंग्लंडच्या आरमारानें हा धडा महाग किंमत देऊन घेतला. लांकूड पोखरणाऱ्या किड्यापासून बचाव व्हावा म्हणून १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्यांत आले. १७६३ त तळ तपासतां असें आढळलें कीं, लांकूड शाबूत आहे, परंतु लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं झिजून गेले आहेत. मौज अशी कीं, पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद जेथें तसाच राहून गेला होता, तेथील खिळे मात्र चांगले होते! खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड एकमेकांस भिडलीं कीं विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि त्यांत लोखंडाचा बळी जातो. व्होल्टाचा विद्युत्घट १८०० सालचा. तेव्हां ही उपपत्ति त्या काळच्या सुतारांस ठाऊक असणें शक्यच नव्हतें. तरी अनुभवानें शहाणें होऊन १७८० नंतरच्या दशकांत आरमारानें पाण्याखालच्या भागासाठीं तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट पत्करले.

लांकडाचाही येथें संबंध येतो. आपल्याकडे हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत. ओकच्या ओलसर लांकडांत लोखंडी खिळा ठोकला म्हणजे तोच प्रकार घडतो. लांकूड काळें पडतें आणि खिळा झिजतो. सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें त्यांत लोखंड अधिक टिकतें. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेली व १८१७ त पाण्यांत लोटलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगते आहे. त्या दीर्घायुष्याचें थोडें श्रेय सागाला देण्यास कोणाची हरकत नसावी.

इतका अनुभव गांठीं असतांही विसाव्या शतकांत लोखंडानें पुन्हा दगा दिला. स्वीडनची ओकची 'व्हासा' ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडाली. बाल्टिकचें पाणी कमी खारट असल्यामुळें लांकूड पोखरणारा किडा तेथें जगत नाहीं. म्हणून लांकूड राहिलें, पण लोखंडी बोल्ट गंजून नाहींसे झाले. सांगाडा एकत्र राहिला तो मुख्यतः लांकडी खुंट्यांमुळें! १९६१ त नौका वर काढण्यापूर्वीं पाणबुड्यांना बोल्टांचीं रिकामीं भोकें बुजवीत बसावें लागलें. पुढें त्या भोकांत नवे पोलादी बोल्ट घातले. त्यांवर जस्ताचा मुलामा व एपॉक्सी राळेचा थर होता. तरीही ते गंजलेच. बंदराच्या घाण पाण्यांतील गंधक शतकानुशतकें लांकडांत मुरलें होतें. लोखंडाच्या सान्निध्यानें त्याचें गंधकाम्ल होऊं लागलें. २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यांत लांकडावर आम्लयुक्त क्षारांचे पांढरे-पिवळे डाग उमटले, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले.

मूळ जहाजांत लोखंड होतें, तर दुरुस्तींतही लोखंडच हवें, असें म्हणणारे सनातनी जीर्णोद्धाराच्या क्षेत्रांतही असतात. आम्हांस हें मत पटत नाहीं. मूळ सुतारानें लोखंड घातलें तें कांहीं वर्षें समुद्रावर चालणाऱ्या जहाजासाठीं. शतकांनुशतकें दिवाणखान्यांत जपावयाचें जहाज त्याच्या ध्यानींमनींही नव्हतें. त्याची आकृति, त्याचे सांधे, त्याच्या भोकांच्या जागा जपाव्या. धातूचा हट्ट कशाला? व्हासाच्या रक्षकांनीं हाच मार्ग धरला, हें योग्यच झालें. २०११ ते २०१८ या वर्षांत त्यांनीं पांच हजारांहून अधिक बोल्ट एकेक करून उपटले व त्यांच्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाचे बसविले. काम जिकिरीचें, जुना बोल्ट गंजानें फुगून लांकडांत घट्ट रुतलेला, आणि जोर करावा तर लांकूडच फुटावयाचें.

बोल्ट निघाले, पण त्यांच्या गंजाचे जे क्षार लांकडांत खोल भिनले आहेत, ते तेथेंच राहिले आहेत.